बापू गाडी ऐकतात

जुन्या डर्ट बाइक बाळगणाऱ्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक बापू असतात. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं. सगळ्यांच्या फोनमध्ये ते ‘बापू’ म्हणूनच असतात, फार तर पुढे ‘इम्पल्सवाले’. वय पन्नाशीच्या पुढे, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, गुडघ्यांना पॅड, खिशात एमसीलची पुडी. आणि बापू मेकॅनिक नसतात, ही मुख्य अट. मेकॅनिक पैसे घेतो आणि गाडी चालू करून देतो. बापू पैसे घेत नाहीत.

आमचे बापू पुण्याचे. रविवारी पहाटे चांदणी चौकात जमायचं, पौडला चहा घ्यायचा आणि मुळशीच्या मागे जिथे डांबर संपतं तिथून पुढे सुटायचं, असा आमचा शिरस्ता. बाकीचे लोक चिखल, चढ आणि ओढे यांच्यासाठी येतात. बापू येतात ते कुणाची तरी गाडी बंद पडेल या आशेने. हे ते कबूल करणार नाहीत. पण दुपारपर्यंत सगळ्या गाड्या धडधाकट राहिल्या की त्यांचा चेहरा उतरतो, पिठलं-भाकरी नको होते आणि ‘मला जरा काम आहे’ म्हणून ते लवकर निघतात. याउलट मागून कुणी ओरडलं, ‘थांबा रे, बंद पडली!’ की बापू त्या अरुंद पायवाटेवर अशी काही गाडी वळवतात की एरवी त्याच वळणावर त्यांना दोन माणसं धरायला लागतात, हे पाहणाऱ्याला खरं वाटणार नाही.

आल्याआल्या ते गाडीला हात लावत नाहीत. हेल्मेट काढून आरशावर अडकवतात, दोन पावलं मागे सरतात आणि नुसतं बघतात.

‘कधीपासून?’

‘आत्ताच बापू, चढावर...’

‘आत्ता बंद पडली. पडायची कधीपासून होती ते विचारतोय.’

याला उत्तर नसतं. असलं तरी त्याचा उपयोग नसतो, कारण मालकाची साक्ष बापू ग्राह्य धरत नाहीत. मालक म्हणतो चढावर बंद पडली, तर बापूंच्या मते ती उतारावरच गेली होती, मालकाला चढावर कळलं. मालक म्हणतो पेट्रोल कालच भरलं, तर बापू विचारतात, ‘कुठल्या पंपावर?’ आणि कुठलाही पंप सांगितला तरी एक दीर्घ ‘हंऽऽ’ करतात.

मग निघतो स्क्रू-ड्रायव्हर. हातभर लांब, पिवळ्या मुठीचा. त्याने कधी एखादा स्क्रू फिरवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, डोळे मिटलेले, अशा मुद्रेत बापू क्रँककेसपासून सुरुवात करून सिलिंडर, हेड असे वरवर चढत जातात. जुन्या मेकॅनिकांची ही खरोखरचीच पद्धत आहे. कान तयार असेल तर बेअरिंगची घरघर, टायमिंग चेनची खळखळ आणि टॅपेटची टकटक वेगवेगळी ओळखता येते. बापूंचा कान तर इतका तयार आहे की इंजिन बंद असतानाही त्यांना ऐकू येतं. एका नव्या पोराने न राहवून विचारलं होतं, ‘बापू, बंद गाडीत काय ऐकताय?’

‘चालू असताना कुणीही ऐकेल,’ बापू डोळे न उघडता म्हणाले.

बापूंना हसणं सोपं आहे. अडचण अशी आहे की त्यांचं ज्ञान खोटं नाही. टॅपेट वाजतात म्हणून कुणी तक्रार केली तर ते पाठ थोपटतात. ‘वाजतात ना? मग निवांत झोप. गप्प बसतात ते जाळतात.’ हे खरंच आहे. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट कमी झाली की आवाज जातो, व्हॉल्व्ह आपल्या जागी पुरता बसत नाही, दाब गळतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हेही खरं. बापूंचं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरं असतं. समोर उभ्या असलेल्या गाडीशी त्याचा काही संबंध असेलच असं मात्र नाही.

त्यांना साजेशी गाडीही मिळाली आहे. हिरो इम्पल्स. माझीही तीच. २०११ साली ती आली तेव्हा आपल्याकडे असली गाडी शोरूममध्ये नव्हतीच. ब्राझीलमध्ये होंडा ‘ब्रॉस’ म्हणून विकत असे त्या गाडीच्या कुळातली ही; १४९.२ सीसी, पोटाखाली २४५ मिलिमीटर मोकळी जागा, वजन १३४ किलो. खड्ड्यांच्या देशात लांब सस्पेन्शनची गाडी कुणाला नको असेल? बहुतेकांना नको होती. लोकांनी शोरूममध्ये तिच्यावर बसून पाहिलं, पाय टेकेनात तसे खाली उतरले आणि ‘अ‍ॅव्हरेज किती?’ विचारून दुसरी गाडी घेतली. काही वर्षांत ती बंद झाली. २०१९ मध्ये एक्सपल्स आली, तेव्हा सगळ्यांना एकदम इम्पल्सची आठवण यायला लागली. इंजिन हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीमच्या गोतावळ्यातलं असल्याने आतलं सामान अजून निभावतं. वरचं प्लास्टिक मिळवताना मात्र नाना पेठेत गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात. बापू तिथे गेले की दुकानदार शटर ओढत नाहीत, पण पोऱ्याला पुढे करून स्वतः मागे माळ्यावर जातात.

आणि इम्पल्स कार्बोरेटरची गाडी आहे. याला फार महत्त्व आहे. कार्बोरेटर ही अशी वस्तू आहे की तिच्याबद्दल कुणालाही मत असू शकतं. जेट तुंबलाय, फ्लोट अडकलाय, सुई झिजलीय, चोक पुरता बसत नाही, स्लोचा स्क्रू हललाय, मॅनिफोल्डच्या रबराला चीर पडून तिथून हवा ओढतेय. यांतलं काहीही असू शकतं, म्हणून काहीही म्हणता येतं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते पाणी धरतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरांशी त्याचं पटत नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी पाण्याचे मणी दिसतात. बापू ती वाटी तळहातावर धरून सगळ्यांना फिरवून दाखवतात. आम्ही वाकून बघतो. हात जोडायचेच काय ते बाकी असतात.

‘इंजिनाला तीनच गोष्टी लागतात,’ हे त्यांचं नेहमीचं प्रवचन. ‘पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि दाब. तिन्ही असतील तर ते चालू होण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.’ शिकवण सोन्यासारखी आहे. प्लग काढायचा, टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, स्टार्टर दाबायचा. निळी कडक ठिणगी दिसली तर विजेचं खातं मिटलं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून स्टार्टर मारला आणि अंगठा उडाला तर दाब आहे. उरलं पेट्रोल: वाटीचा खालचा स्क्रू सैल करून धार येते का पाहायचं. पाच मिनिटांचं काम. पण या क्रमाने गेलं तर पाच मिनिटांत उत्तर सापडतं, आणि नेमकी तीच बापूंची हरकत असावी. ते तीन गोष्टी सांगून चौथीपासून सुरुवात करतात.

ही चौथी गोष्ट बहुधा लडाखमध्ये सापडते. बापू एकदा लडाखला जाऊन आलेत. उंचीवर हवा विरळ होते, कार्बोरेटर आपला त्याच मापाने पेट्रोल देत राहतो, मिश्रण घट्ट होतं, गाडी काळी ओकते आणि ओढ घेत नाही, हे त्यांनी खार्दुंग ला खिंडीत स्वतः अनुभवलं. तेव्हापासून कुठल्याही गाडीची ओढ कमी झाली की ‘हिला हाइट लागलीय’ हे एक निदान तयार असतं. खार्दुंग ला पाच हजार मीटरांच्या वर आहे. पुणं ५६० मीटरवर. मुळशी त्याहून फार उंच नाही. पण बापूंपुढे हे बोलायचं कुणी?

प्लगवाचन हा त्यांचा दुसरा हुकमी विषय. निघालेला प्लग ते उन्हात धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि टोकाचा रंग सांगतात. दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही किंवा गाडी ओव्हरफ्लो झालीय, तेलकट म्हणजे पिस्टन रिंगांची तयारी ठेवा. एवढं सांगून ते प्लग रुमालात गुंडाळून खिशात घालतात. ‘घरी नीट बघतो.’ तो प्लग पुन्हा दिसत नाही.

त्यांची तिसरी पद्धत अदलाबदलीची. संशयित भाग काढायचा, चालू गाडीचा तोच भाग इथे लावून पाहायचा. हीही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, अट एवढीच की चालू गाडीचा मालक जवळपास नसावा. एकदा एका बंद गाडीसाठी त्यांनी शेजारच्या चालू गाडीचा प्लग घेतला, मग इग्निशन कॉइल, मग सीडीआय. बंद गाडी काही चालू झाली नाही. संध्याकाळी सगळं परत लावल्यावर शेजारचीही होईना. बापूंनी दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, ‘बघ, म्हणजे कॉमन फॉल्ट आहे.’

माझ्या गाडीची गोष्ट सांगतो, म्हणजे बापूंच्या यशाचं गमक कळेल.

गाडीने एक नवीन खोड धरली होती. गावात ठीक, सपाटीला ठीक. लांब चढ लागला, ॲक्सिलरेटर पिळून धरला की काही वेळाने खोकायची, झटके द्यायची आणि मरायची. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका कच्च्या चढणीवर तिने तसंच केलं. बापू हजर. स्क्रू-ड्रायव्हर, डोळे मिटणे, ‘श्श!’ निदान: टॅपेट आवळलेत, गरम झाले की व्हॉल्व्ह उघडे राहतात. त्यानंतर टॅपेट या विषयावर दहा मिनिटं बोलणं झालं. बोलणं संपल्यावर स्टार्टर दाबला आणि गाडी भुर्रकन चालू. ‘बघितलंस? थंड झाले, बसले.’ सगळे खूश.

पुढच्या चढावर परत तेच. या वेळी बापूंना कॉइलचा संशय आला. तापली की आतली तार सुटते, निवली की जुळते. हाही रोग खराखुरा आहे, भल्याभल्यांना फसवतो. त्यांनी कॉइलला ओला रुमाल गुंडाळला, रुमालाचं महत्त्व दहा मिनिटं समजावलं, स्टार्टर, भुर्र. त्यापुढच्या चढावर कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, तिथेही दहा मिनिटं गेली, भुर्र. एव्हाना बापूंनी एकाच गाडीचे इतके रोग बरे केले होते की गाडीत नवीन रोगाला जागा कुठे उरली असेल, याचंच मला नवल वाटत होतं. कुठलाही उपचार करा, दहा मिनिटं चालला पाहिजे, की गाडी चालू होत होती. बापू दहा मिनिटांच्या आत काहीच संपवत नाहीत.

आमच्यात एक एक्सपल्सवाली मुलगी आहे, नोकरीला हिंजवडीत. तिला उन्हाचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, ‘बापू, आधी पेट्रोल आहे का बघू या का?’ बापू म्हणाले, ‘अगं, पेट्रोल नसतं तर मला आवाजातच कळलं असतं.’ तोवर तिने किल्ली घालून टाकीचं झाकण उघडलं होतं.

फुस्सऽऽ असा लांब आवाज झाला. हवा आत ओढली गेल्याचा. स्टार्टर दाबला आणि गाडी तत्काळ चालू झाली, दहा मिनिटं न थांबता.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग बापूंनी सूत्रं हाती घेतली. ‘व्हॅक्यूम!’ ते गरजले. ‘मी हेच सांगणार होतो.’ आणि फार सुरेख समजावलं त्यांनी, हे मान्य केलं पाहिजे. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात श्वासाचं बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल अडतं. सपाटीला गाडी कमी पिते म्हणून भागतं. चढावर जास्त लागतं, तेव्हा कार्बोरेटर उपाशी राहतो. गाडी बंद करून थांबलं की हवा कशीबशी उलट वाटेने, नळीतून बुडबुड्यांनी टाकीत चढते, आणि दहाएक मिनिटांत पुन्हा थोडा वेळ चालण्यापुरती सोय होते. ओळखण्याची खूण एकच: गाडी मरताक्षणी झाकण उघडायचं. फुस्स होऊन चालू झाली तर झाकण. उघडूनही झाली नाही तर मग ठिणगी तपासायची.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बापूंनी झाकण उलटं करून उन्हात धरलं. श्वासाच्या भोकावर राखाडी, घट्ट, अंगठ्याने नीट दाबून बसवलेलं एमसील होतं.

‘कुणी लावलं हे?’ बापू कडाडले. ‘कुठल्या गाढवाने लावलं?’

दोन पावसाळ्यांपूर्वी ओढा ओलांडताना माझ्या टाकीत पाणी शिरलं होतं, मी चहा सांगायला टपरीवर गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा बापू अंगठा पुसत म्हणाले होते, ‘आता शिरायला वाटच ठेवली नाही.’ तेव्हा झाकणाचं रबर सुकलेलं होतं, कडेने हवा खात होतं, म्हणून गाडी चालत राहिली. गेल्या महिन्यात ते रबर बदललं. तेही बापूंनीच बदलायला लावलं होतं, ‘पेट्रोलचा वास येतो, बरं नाही’ म्हणून. हे सगळं तिथल्या प्रत्येकाला आठवत होतं. मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगायचं कसं? एक जण हेल्मेटची काच पुसू लागला, दुसऱ्याने डोंगराकडे पाहून ‘यंदा गवत फार’ असं काहीतरी म्हटलं. एक्सपल्सवाली तेवढी बोलायला तोंड उघडणार होती, तिला मी डोळ्याने थांबवलं.

बापूंनी स्वतःच्या खिशातल्या पुडीवरून हात फिरवला. मग टाचणीने भोक मोकळं केलं, झाकण लावलं आणि म्हणाले, ‘असल्या लोकांच्या हातात गाडी देत जाऊ नकोस.’

त्या मुलीवर मात्र त्यांचा तेव्हापासून राग आहे. खरं म्हणजे तिच्यावर नाही, तिच्या गाडीवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. तिच्या गाडीचं काही बिनसलं की मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. मध्ये लागला तेव्हा तिने वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून घेतला, पडद्यावर कोड आला, एका सेन्सरची सैल पिन दाबली, संपलं. बापू हे ऐकून खिन्न झाले. ‘गाडीच सगळं सांगणार असेल तर माणसाने यायचं कशाला?’ त्यांच्या सुरात इतकं खरं दुःख होतं की त्या मुलीने स्वतःहून गाडी चालू केली आणि म्हणाली, ‘बापू, दुसऱ्या गिअरला कसलातरी आवाज येतो बहुतेक. ऐका ना जरा.’ आवाज बिवाज काही नव्हता. बापूंनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, डोळे मिटले, आणि आमची पिठलं-भाकरी पाऊण तास लांबली.

माझी गाडी त्या दिवसापासून ठणठणीत आहे. बापू तिच्याकडे आता पूर्वीसारखे बघत नाहीत, लांबूनच मान हलवतात. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे २०२० च्या आधीची, कार्बोरेटरवाली, ऐन चढावर मान टाकणारी एखादी डर्ट बाइक पडून असेल तर रविवारी मुळशीच्या बाजूला घेऊन या. बंद असेल तर उत्तमच. चालू असेल तर बापू बघून घेतील. पैसे लागणार नाहीत. प्लग मात्र एक जादा आणा आणि टाकीच्या झाकणाची किल्ली स्वतःकडे ठेवा.